चिंचोक्यांचा डबा

(अनसिंग येथे गुरुजींच्या स्मृतिदिनी दिलेलं व्याख्यान. बोलण्याच्या ओघातलं पाल्हाळ छापताना थोडं छाटलं आहे, सगळं छाटता आलं नाही.)



आधी एक खुलासा. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव 'सामायिक वाहिनीवरून फलक-गणना' असं छापलं गेलंय. मी लिहून दिलं होतं 'फलन-गणना'. दुपारी स्टँडवर एका गृहस्थांनी विचारलंच, रस्त्यावरचे फलक मोजायला सरकारने तुम्हाला नेमलं का म्हणून. एक अक्षर चुकलं आणि अर्थ पार पुसदच्या रस्त्याला लागला. वाटेत बिघडलेलं अक्षर पलीकडच्या माणसाने कसं ओळखावं, हाच माझ्या शास्त्राचा मूळ धंदा. त्यामुळे छापखान्यावर माझा राग नाही; उलट भाषणाची सुरुवात त्यांनी फुकटात करून दिली.

फलन म्हणजे पुष्कळ आकडे एकीकडून घालायचे आणि दुसरीकडून एकच उत्तर काढायचं. बेरीज हे फलन. सरासरी हे फलन. 'कोणाची तूर सगळ्यात जास्त झाली?' हेही फलन. आणि सामायिक वाहिनी म्हणजे ज्या वाटेने सगळ्यांनाच बोलायचं असतं अशी एकच वाट. ही हवा आहे ना आपल्या मधली, ती. दहा जण एकदम बोलले की कोणाचंच धड ऐकू येत नाही, ती.

गुरुजींनी हे मला शिकवलं तेव्हा त्यांना हे नाव माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. मी तिसरीत होतो. १९७२ चा दुष्काळ. शाळेत सुकडी यायची, आणि किती पोरांची सुकडी काढायची ते रोज सकाळी सांगावं लागे. दोन खोल्या, चार वर्ग, आणि पोरं एका जागी ठरत नसत. गुरुजींनी आधी रीतसर मार्ग पाहिला: चार वर्गांचे चार मॉनिटर, प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. चौघं एकदम ओरडायचे. मग एकेकाने बोलायचं ठरलं, तर तिसऱ्याचा आकडा येईतो पहिल्याच्या वर्गातलं एखादं पोरगं पळालेलं असायचं.

शेवटी गुरुजींनी दारात एक डालड्याचा रिकामा डबा ठेवला. आत येणाऱ्याने एक चिंचोका डब्यात टाकायचा. बस. शाळेमागे चिंच होती, चिंचोक्यांना तोटा नव्हता. मी हुशारी दाखवायला गेलो आणि म्हणालो, गुरुजी, यातला कोणता कोणाचा ते कसं कळणार? गुरुजी म्हणाले, "कोन्ता कोनाचा हाये ते मले काय करायचं? किती हायेत ते सांग."

पुढे अठ्ठावीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या पोरांना दूरसंचार शिकवलं. ह्या वाक्याच्या पुढे मी फारसा गेलोय असं मला वाटत नाही.

आता डब्याकडे जरा बारकाईने बघू. समजा दोनच पोरं आहेत, आणि प्रत्येक जण येण्याची-न येण्याची शक्यता सारखी आहे. डब्यात शून्य चिंचोके, म्हणजे दोघंही नाहीत. दोन, म्हणजे दोघंही आलेत. इथवर कोण आलं तेही समजलं, किती आले तेही समजलं. पण एक चिंचोका निघाला तर? कोणीतरी आलंय, कोण ते डबा सांगत नाही. दोन पोरांची मिळून बातमी असते दोन बिट. बिट म्हणजे एका हो-नाहीचं वजन. डब्यातून निघते दीड बिट. अर्धा बिट डब्याने गिळला. 'कोण कोण आलं' असं विचारणाऱ्याचं अर्ध्या बिटाने नुकसान झालं, पण 'किती आले' असं विचारणाऱ्याचा छदामही गेला नाही. तोटा डब्यात नसतो, प्रश्नात असतो.

क्लॉड शॅननने १९४८ साली बेल कंपनीच्या नियतकालिकात दूरसंचाराचं गणित मांडलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक बोलणारा आणि एक ऐकणारा होता. निरोप जसाच्या तसा पलीकडे पोचवायचा, त्याचा अर्थ काय, तो कशाला हवा, ह्याच्याशी इंजिनिअरला कर्तव्य नाही, अशी त्याची भूमिका. पोस्टमनसारखी. पाकीट फोडायचं नाही. त्या भूमिकेवर आजचं सगळं टेलिफोनचं आणि इंटरनेटचं साम्राज्य उभं आहे, तेव्हा तिला नावं ठेवण्याची माझी छाती नाही. मग १९७० च्या सुमारास बोलणारे दोन आणि ऐकणारा एक अशी मांडणी आली. प्रश्न मात्र तोच राहिला: दोघांचेही निरोप पुरते कसे पोचवायचे? म्हणजे पोत्यातला दाणा न् दाणा तालुक्याला न्यायचा, आणि तिथे जाऊन फक्त वजन करायचं.

पोतं न नेता वजन नेता येईल का?

हा प्रश्न बुडापेस्टच्या दोघांनी नीट धरला. यानोश कॉर्नर आणि कातालिन मार्टोन. १९७९ साली त्यांचा निबंध छापून आला, जेमतेम तीन पानांचा. पुढे ह्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान, शॅनन पुरस्कार, मार्टोनबाईंना २०१३ साली मिळाला आणि कॉर्नरना २०१४ साली. तीन पानांत काय होतं ते मी तुम्हाला आपल्या विहिरींवर करून दाखवतो. कागद-पेन असेल तर काढा, नसेल तर बोटं आहेतच.

शिवारात सात विहिरी आहेत, १ ते ७ नंबरच्या. सकाळी एक माणूस बघून येतो, कोणत्या विहिरीला पाणी आहे, कोणतीला नाही. संध्याकाळी दुसरा माणूस बघून येतो. दोघांची गाठ पडत नाही. दिवसभरात फार तर एका विहिरीत फरक पडतो. आटली तर एखादी आटते, भरली तर एखादी भरते. तालुक्याच्या साहेबाला एवढंच हवंय: फरक पडला का, आणि पडला तर कोणत्या विहिरीत? बाकीच्या विहिरींचं त्याला काही देणंघेणं नाही.

साधा मार्ग: दोघांनी सातही विहिरींचं हो-नाही सांगायचं. चौदा बिट झाले. जरा डोकं लावलं तर दहांत भागतं. पण साहेबाकडे दोन्ही याद्या पोचवायच्याच असा हट्ट धरला, तर दहाच्या खाली उतरता येत नाही. कॉर्नर-मार्टोनच्या रीतीने सहांत भागतं. ते कसं, बघा.

तीन टोपल्या करा. पहिल्या टोपलीत विहिरी १, ३, ५, ७. दुसऱ्या टोपलीत २, ३, ६, ७. तिसरीत ४, ५, ६, ७. प्रत्येक माणसाने एवढंच सांगायचं: माझ्या पाहण्यात ह्या टोपलीतल्या पाणी असलेल्या विहिरी सम आहेत की विषम? तीन टोपल्या, तीन उत्तरं.

समजा सकाळच्याला १, ३, ४, ५, ७ ह्या विहिरींत पाणी दिसलं. पहिल्या टोपलीत चार, सम. दुसरीत ३ आणि ७, दोन, सम. तिसरीत ४, ५, ७, तीन, विषम. त्याने कळवलं: सम, सम, विषम. संध्याकाळच्याला १, ३, ४, ७ ह्यांत दिसलं. पहिलीत तीन, विषम. दुसरीत दोन, सम. तिसरीत ४ आणि ७, दोन, सम. त्याने कळवलं: विषम, सम, सम.

साहेबाने दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. पहिल्या टोपलीत फरक आहे. दुसरीत नाही. तिसरीत आहे. पहिल्या टोपलीची किंमत १, दुसरीची २, तिसरीची ४. फरक पडलेल्या टोपल्यांच्या किमती मिळवा: १ आणि ४, पाच. पाच नंबरच्या विहिरीत फरक पडला.

(इथे मागच्या रांगेतल्या एका मुलीने 'आणि फरकच नसेल तर?' असं विचारलं. तिन्ही टोपल्या जुळतील, बेरीज शून्य, म्हणजे फरक नाही. तिच्या प्रश्नासाठी टाळ्या पडल्या, त्या माझ्या उत्तराला पडल्या असं कृपया समजू नये.)

आता गंमत बघा. साहेबाला पाच नंबरची विहीर सापडली, पण सकाळी किती विहिरींना पाणी होतं हे त्याला माहीत नाही. चार नंबरला पाणी आहे की नाही, तेही माहीत नाही. दोघांपैकी एकाचीही यादी त्याच्याकडे पोचलेली नाही. पोतं गावातच राहिलं, वजन तालुक्याला पोचलं.

टोपल्यांची ही वाटणी रिचर्ड हॅमिंगची, १९५० ची, चुका दुरुस्त करण्यासाठी केलेली. कॉर्नर-मार्टोननी दाखवलं, की दोन याद्यांतला फरक म्हणजे जणू एका यादीत शिरलेली चूक, आणि चूक शोधायला मूळ यादी लागत नाही. याद्या हजार जागांच्या असल्या आणि दर दहा जागांमागे एखादीत फरक पडण्याची शक्यता असली, तर दोन्ही याद्या पोचवायला सुमारे १,४६९ बिट लागतात. फक्त फरक पोचवायला दोघांचे मिळून सुमारे ९३८.

ह्यात एक अट दडलेली आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे. दोघांच्या टोपल्या एकच हव्यात. सकाळच्याने एका पद्धतीने टोपल्या भरल्या आणि संध्याकाळच्याने आपल्या मर्जीने, तर चिठ्ठ्या शेजारी ठेवून काही निघत नाही. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण शॅननपासून तीस वर्षं ह्या शास्त्राचं सगळ्यात मोठं हत्यार होतं यदृच्छेने बनवलेले संकेत, म्हणजे निरोपांसाठी ठरवलेल्या खुणा: डोळे मिटून चिठ्ठ्या काढाव्यात तसे. सरासरीने असे संकेत इतके चांगले निघतात, की दुसरं काही शोधायची गरज नाही असा समज होता. फलनाच्या प्रश्नात हेच हत्यार बोथट ठरलं. दोघांनी आपापले यदृच्छ संकेत वापरले की त्यांची बेरीज कशाचाच संकेत राहत नाही, नुसता गोंधळ. रेषीय संकेतांत, म्हणजे आपल्या टोपल्यांत, दोन संकेतांची बेरीज पुन्हा संकेतच असते.

धान्य मोजताना आपल्या आज्या एकाच पायलीने मोजायच्या. एकीने पायलीने, दुसरीने आपल्या घरच्या टोपल्याने मोजून एकाच ढिगात ओतलं, तर ढीग होतो, हिशोब होत नाही. माप एक असेल तर खुशाल मिसळा.

आतापर्यंत दोन चिठ्ठ्या वेगवेगळ्या आल्या आणि बेरीज साहेबाने केली. पण डबा आठवा. डबा स्वतःच बेरीज करत होता. हवाही तेच करते. दोन मोबाइल एकाच वेळी, एकाच लहरीवर बोलले की अँटेनापाशी दोन लहरींची बेरीज पोचते. इंजिनिअर तिला व्यत्यय म्हणतात, आणि शंभर वर्षं आम्ही ती टाळण्यात घालवली. तू आधी बोल, मी नंतर बोलतो. तू ह्या लहरीवर, मी त्या. वर्गात चार मॉनिटरना ओळीने उभं करणं, तेच.

पण तुम्ही सगळ्यांनी ह्या व्यत्ययाचा उपयोग केलेला आहे. आवाजी मतदानात! ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी 'होय' म्हणावं. सगळे एकदम म्हणतात. अध्यक्ष एकेकाचा आवाज ओळखत बसत नाहीत. बेरीज त्यांच्या कानावर आयती पडते. पन्नास मतांची मोजणी एका श्वासात. मात्र 'होय' आणि 'नाही' तोडीस तोड झाले की भांडण लागतं, कारण एकाचा गळा भोंग्यासारखा आणि दुसऱ्याचा बसलेला. मग हात वर करा, माणसं मोजा. म्हणजे हवेला बेरीज येते, पण कच्ची येते. तिच्यावर भरवसा ठेवायचा तर आवाजाला काहीतरी शिस्त लावावी लागते.

ती शिस्त बोबाक नाझेर आणि मायकेल गॅस्टपार ह्यांनी लावली. बहुप्रवेशी, म्हणजे आपल्या सामायिक, वाहिनीवर गणना कशी करावी हा त्यांचा निबंध २००७ चा, आणि 'आधी गणना, मग पुढे धाडणं' ही रीत मांडणारा मोठा निबंध २०११ चा. कॉर्नर-मार्टोनच्या टोपल्या आणि हवेची बेरीज ह्यांचं त्यांनी लग्न लावलं. आपल्या विहिरींचंच घ्या: दोघांनी आपापली तीन उत्तरं एकाच वेळी हवेत सोडली, आणि हवेने सम-विषमाची बेरीज बरोबर केली, तर सहा नाही, तीनच वेळा वाहिनी वापरावी लागते. शक्य उत्तरं आठ, सात विहिरी आणि एक 'फरक नाही'. आठांतून एक सांगायला तीन बिट लागतातच. ह्याच्या खाली कोणालाच जाता येणार नाही.

खऱ्या हवेत गोंगाट असतो, त्याचं काय? त्याचं उत्तर पुन्हा चिंचोक्यांत आहे. गुरुजी रोज डबा ओतून मोजत नसत. त्यांनी दहा-दहा चिंचोक्यांच्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या; सोनाराकडे असते तशी लहान तागडी होती, तिच्यात एका पारड्यात दिवसाचे चिंचोके, दुसऱ्यात पुड्या आणि वर सुटे. काटा कधी अडतीस आणि एकोणचाळीस ह्यांच्या मध्ये थांबायचा. मग गुरुजी ज्याच्या जवळ असेल तो आकडा धरायचे, कारण साडेअडतीस पोरं शाळेत येत नाहीत. उत्तर पूर्णांक आहे हे माहीत असल्यामुळे काट्याची लहानसहान चूक तिथल्या तिथे मरायची.

एकदा हिशोब फार हुकला. शोध घेतल्यावर कळलं, दोघा-तिघांनी खेळातले चिंचोके डब्यात टाकले होते, फाशासाठी दगडावर घासून अर्धे केलेले. तेव्हापासून नियम झाला: अख्खाच चिंचोका चालेल. आजच्या भाषेत बोलायचं तर सगळ्यांचे संकेत एकाच जाळीच्या गाठींवर बसले पाहिजेत. गाठींची बेरीज गाठीवरच पडते, आणि गोंगाटाने ती जरा ढळली तर जवळच्या गाठीवर ओढून घेता येते.

आणखी एक. सगळ्या शाळेचे चिंचोके एकदम तोलले तर लहान-मोठ्या दाण्यांचा फरक साठत जाऊन काटा भलतंच सांगे. म्हणून गुरुजींनी पुढे वर्गागणिक डबे केले. एकेक डबा तोलायचा, आकडा पूर्ण करून घ्यायचा, आणि मग आकडे मिळवायचे. नाझेर-गॅस्टपारच्या रीतीत निरोप पुढे धाडणारा मधला प्रत्येक मनोरा हेच करतो. ऐकू आलेला गोंगाटासकट आवाज तो नुसता मोठा करून पुढे ढकलत नाही. आधी नेमकी बेरीज ओळखतो, गोंगाट झटकतो आणि स्वच्छ बेरीज पुढे देतो.

मधल्या मनोऱ्याची सोपी गोष्ट अशी. अनसिंगच्या माणसाला पुसदला काही सांगायचंय, पुसदच्याला अनसिंगला, आणि दोघांना ऐकू येईल असा मध्ये एकच मनोरा. जुन्या रीतीने चार खेपा: हा मनोऱ्याला, मनोरा त्याला, तो मनोऱ्याला, मनोरा ह्याला. मनोऱ्याने दोघांचं ऐकून त्यांची बेरीज एकदाच पुकारली तर तीन खेपांत होतं. बेरजेतून आपलं स्वतःचं वजा केलं की समोरच्याचं उरतं. २००६ साली एमआयटीत दीना कटाबींच्या गटाने हे प्रत्यक्ष यंत्रांवर चालवून दाखवलं. त्या कामात पुढे असलेले सचिन कट्टी मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दोघांना एकदम बोलू दिलं, बेरीज हवेवर सोपवली आणि दोन खेपांत काम भागवलं.

मात्र तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आज हे चाललंय असं समजू नका. प्रत्येकाचा आवाज मनोऱ्यापाशी एकाच क्षणी, एकाच ताकदीने आणि एकाच तालात पोचवणं महाकठीण. भजनात नवखा टाळकरी असला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. प्रयोगशाळेत जमतं, वाऱ्या-पावसात अजून नीट जमत नाही. आमच्या क्षेत्रात ह्या बाबतीत जरा जास्तच ढोल वाजवले जातात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता जरा आपल्या विदर्भाकडे येतो. पी. आर. कुमार हे नाव किती जणांनी ऐकलंय? १९५२ साली नागपूरला जन्मलेला माणूस. इलिनॉय विद्यापीठात आणि नंतर टेक्ससमध्ये प्राध्यापक. २००० साली त्यांनी पीयूष गुप्ता ह्यांच्याबरोबर एक वाईट बातमी दिली: बिनतारी जाळ्यात बोलणारे वाढत गेले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी बोलायची जागा साधारण वर्गमुळाच्या हिशोबाने आटत जाते. २००५ साली अरविंद गिरिधर ह्यांच्याबरोबर त्यांनी आपला प्रश्न घेतला: शेतात टाकलेल्या संवेदकांकडून सगळे आकडे नको असतील, एकच फलन हवं असेल, तर?

उत्तर फलनागणिक निराळं आलं. समजा सगळे संवेदक एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात आहेत, आणि दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. सरासरी हवी असेल तर सुटका नाही. हजार जण असतील तर काम हजाराच्या प्रमाणात वाढतं. पण सगळ्यात मोठा आकडा हवा असेल तर ते हजाराच्या लॉगच्या प्रमाणात वाढतं, आणि हजाराचा लॉग, दोनच्या पायावर, जेमतेम दहा. हे नेमके आकडे नव्हेत, वाढीची चाल आहे. पण चालीतला फरक बघा.

असं का, ते मोंढ्यात उभं राहिलं की कळतं. सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी उभे आहेत, बोली चालू आहे. ज्याचा भाव चालू बोलीपेक्षा कमी, तो गप्प. त्याचं गप्प राहणंही बातमीच आहे, आणि ती फुकट पोचते. शंभर माणसांना कशाही क्रमाने उभं केलं आणि 'आतापर्यंतच्यापेक्षा जास्त असेल तरच तोंड उघडा' असं सांगितलं, तर सरासरीने पाचच्या आसपास माणसं बोलतात. शंभरात पाच! तुम्ही घरी पत्त्यांवर करून बघा. सरासरीत अशी गप्प राहायची सोय नसते, प्रत्येकाचा दाणा तिथे लागतो.

दाणा लागतो, पण तो दूर न्यायची गरज नाही. संवेदक शिवारभर पसरलेले असले तर शेजारच्याला सांगायचं, त्याने आपला आकडा मिळवून पुढच्याला द्यायचा. पवईच्या आयआयटीत विराग शाह, बिकाश कुमार डे आणि डी. मंजुनाथ ह्यांनी ह्याच गोष्टीचं रीतसर गणित केलं, २०१३ मध्ये छापलं: वाटेवर कोणत्या चौकात कोणती बेरीज करावी म्हणजे जाळ्यातून जास्तीत जास्त वेगाने उत्तरं निघतील. पाटाचं पाणी वाटावं तसं त्यांनी गणनेचं पाणी वाटलं. डे आणि त्यांचे विद्यार्थी ब्रिजेश कुमार राय ह्यांचं आधीचं एक काम तर मला विलक्षण वाटतं. त्यांनी अशी जाळी रचून दाखवली, की जिथे पुष्कळांना पुष्कळांची बेरीज हवी आहे, आणि ती रेषीय संकेतांनी पोचेल की नाही हे तुम्ही कोणत्या मूळ संख्येचं अंकगणित वापरता ह्यावर ठरतं. सम-विषमाने हिशोब केला तर पोचेल, तीनच्या पटींत केला तर नाही. दुसऱ्या जाळ्यात नेमकं उलट. एकेका जाळ्यात तारा त्याच, माणसं तीच; बदलतं ते फक्त अंकगणित. गुरुजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी त्या दिवशी शाळा लवकर सोडली असती.

मघाशी मी म्हणालो, साहेबाला एकाचीही यादी कळली नाही. त्याचाही कोणी धागा ओढणारच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दीपेश डेटा आणि विनोद प्रभाकरन, आणि आयआयटीचे डे व मनोज मिश्रा, ह्यांनी २०१४ साली कॉर्नर-मार्टोनचंच शीर्षक किंचित बदलून निबंध लिहिला: तीच सम-विषम बेरीज, पण गुप्त राखून कशी करायची. आपल्याकडे अशा गुप्त बेरजेचा उपयोग मी एका ओट्यावर करून पाहिलाय. दहा शेतकरी बसलेले, प्रत्येकावर कर्ज. आपला आकडा कोणी सांगेना. मी पहिल्याला म्हटलं, मनात एक मोठा आकडा धर, त्यात तुझं कर्ज मिळव, शेजाऱ्याच्या कानात सांग. त्याने आपलं मिळवून पुढे सांगावं. फेरा पुरा झाल्यावर पहिल्याने मनातला आकडा वजा केला आणि एकूण सांगितलं. कोणाचं किती हे कोणाला कळलं नाही. दहाने भागल्यावर ओट्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, एवढं फक्त आपल्यावरच आहे.

आता थोडं कडू. फलन कोणी निवडायचं?

२०१७ पासून राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की मंडळात अतिवृष्टी. हे फलन आहे, हो किंवा नाही. पीक विम्याचं क्षेत्र-सरासरीचं गणित घ्या: पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचं सरासरी उत्पन्न काढायचं, आणि ते उंबरठा उत्पन्नाशी ताडायचं. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाचांची सरासरी, तिला जोखीमस्तराने गुणून. फलनाच्या पोटात फलन. गणित म्हणून मला ह्यात खोट दिसत नाही. हजारो शेतांची बातमी एका आकड्यात येते आणि तो स्वस्तात पोचतो. पण पाऊस महसूल मंडळाची हद्द वाचत नाही. ओढ्याच्या ह्या अंगाला धो धो, त्या अंगाला थेंब नाही, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. माझ्या भावाची सहा एकर सोयाबीन एका वर्षी पाण्याखाली कुजली, आणि मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. त्याची सहा एकरं बेरजेत होती, बरोबर मिळवलेली होती, आणि दिसत नव्हती.

डबा जे गिळतो ते परत देत नाही. मी हयातभर ज्या शास्त्राचा अभिमान बाळगला, ते शास्त्र म्हणजे कमीत कमी सांगून काम भागवण्याची कला. काय गाळायचं हे एकदा ठरलं की आम्ही ते उत्तम गाळून देतो. ठरवायला मात्र आम्हाला कोणी बोलवत नाही, आणि भावालाही बोलावलं नव्हतं.

डब्याची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी फाल्गुनात शाळेत साथ आली होती, बरीच पोरं तापाने घरी पडली होती. एक दिवस गुरुजींनी तागडी केली आणि ४१ आकडा निघाला. सुकडी घ्यायला पोरं ओळीने बसली, ती भरली ४०. गुरुजींनी डबा ओतला, चिंचोके फरशीवर पसरले, बोटाने दोन-दोन सारत मोजले. ४१. सगळे अख्खे. कोणी दोन टाकले, हे त्या चिंचोक्यांतून काढायला काही मार्ग नव्हता. गुरुजींनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग वाढणाऱ्या बाईंना म्हणाले, एक्केचाळीस काढा, आणि एक पुडीत बांधून दारातल्या डब्यावर ठेवा. सुटी झाली तेव्हा पुडी तिथे नव्हती.